सामाईक इंटरनेटला मीटर कशासाठी?

आंबिवली स्थानकापासून पायी दहा मिनिटांच्या अंतरावर असलेल्या आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सूचनाफलकावर गेल्या महिन्यात एक तक्ता लागला. चोवीस बिऱ्हाडांचे क्रमांक, प्रत्येक क्रमांकापुढे त्या महिन्यात वापरलेले इंटरनेटचे जीबी, त्यापुढे नव्या पद्धतीने होणारी रक्कम, आणि शेवटच्या रकान्यात ‘वापराची मुख्य वेळ’. पूर्वी या फलकावर देखभालखर्च थकविणाऱ्यांची नावे लागत. या तक्त्यात थकबाकीदार कोणीच नव्हते. तरीही तो लागला त्या दिवशी संध्याकाळी फलकासमोर जेवढी गर्दी झाली, तेवढी थकबाकीदारांच्या यादीसमोरही मी कधी पाहिली नव्हती.

एका बिऱ्हाडापुढे ‘रात्री ११ ते ३’ असे लिहिले होते. त्या घरातील मुलगी स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करते. दिवसा दोन खोल्यांत सहा माणसे वावरतात, म्हणून ती सर्वजण झोपल्यावर व्याख्याने ऐकते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिन्यात तिच्या आईला तीन जणींनी, तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी, एकच प्रश्न विचारला: पोरगी रात्रभर जागून पाहते तरी काय? चौथ्या दिवशी त्या घराने सामाईक जोडणी बंद करून घेतली. मुलगी आता भावाच्या मोबाईलवर, दिवसाचा ठरलेला डेटा संपेपर्यंत अभ्यास करते.

आमच्या कार्यकारिणीतील मंडळी सज्जन आहेत, हे आधीच सांगतो. ही सामाईक जोडणी त्यांनीच २०२० च्या टाळेबंदीत उभी केली. शाळा एका रात्रीत मोबाईलवर गेल्या होत्या, आणि तीन मुले व एक फोन अशी अनेक घरांची अवस्था होती. तेव्हा सर्वांनी मिळून एक मोठी जोडणी घेतली, मजल्यामजल्यावर तार नेली आणि समान वर्गणी ठरवली. पुढे शाळा उघडल्या आणि कुरबुर सुरू झाली. ‘आम्ही दोघे म्हातारे, दुसऱ्यांच्या पोरांच्या सिनेमांचे पैसे आम्ही का भरावेत?’ हा प्रश्न क्षुद्र नाही. एका तरुण सभासदाने त्याला यांत्रिक उत्तर शोधले. प्रत्येक घराचा वापर मोजणारी पेटी त्याने बसवली. येत्या सर्वसाधारण सभेपुढे आता दोन प्रस्ताव आहेत. पहिला, समान वर्गणी रद्द करून जीबीमागे आकारणी करावी. दुसरा, कोणत्या घरातून कोणती संकेतस्थळे उघडली गेली याची नोंद ‘सुरक्षेसाठी’ ठेवावी. एका इमारतीचा हा घरगुती तंटा साप्ताहिकाच्या पानावर कशाला, असे वाचकांना वाटेल. परंतु चाळी, वसतिगृहे, भाड्याच्या खोल्यांत दाटीवाटीने राहणारे कामगार, एका दुकानाच्या आडोशाला चालणारे वाय-फाय, अशा हजारो ठिकाणी हाच तंटा आज चालू आहे, आणि बहुतेक ठिकाणी तो ‘ज्याचा वापर त्याने भरावे’ या एका वाक्याने मिटविला जात आहे. या वाक्याला न्यायाचा मुलामा आहे. तो खरवडून पाहिला पाहिजे.

मी आयुष्यभर अर्थशास्त्र शिकविले. बाजारावर श्रद्धा असणाऱ्यांच्या पाठ्यपुस्तकातही किमतीचे एक साधे समर्थन दिलेले असते: मी एखादी वस्तू वापरल्याने समाजाला जो जादा खर्च पडतो, तो किमतीतून माझ्या लक्षात यावा. ही कसोटी आपण त्यांच्याच हातून घेऊ आणि त्यांच्याच प्रस्तावाला लावू. मी पाण्याची बादली ओतली तर ती शेजाऱ्याला मिळत नाही. मी विजेचा दिवा जाळला तर कोठेतरी कोळसा जळतो. परंतु रात्री दोन वाजता ओसाड पडलेल्या तारेतून त्या मुलीने दोन तासांचे व्याख्यान उतरवून घेतले, तर संस्थेला किती जादा खर्च आला? शून्य. कंपनीचे बिल त्या महिन्याला जेवढे यायचे तेवढेच आले. तार, पेटी, कंपनीचे भाडे, हा सगळा खर्च जोडणी घेतली त्याच दिवशी ठरून गेला. तार रिकामी पडली म्हणून त्यात बचत होत नाही.

दुर्मीळता आहेच, ती फक्त जीबीत नाही. रात्री नऊ ते अकरा या वेळात, आणि विशेषतः क्रिकेटच्या सामन्याच्या दिवशी, चोवीस घरे एकदम तारेवर बसतात आणि सर्वांचेच चित्र अडखळते. त्या दोन तासांत माझ्या वापराने शेजाऱ्याला खरोखर तोशीस पडते. आता प्रस्तावित मीटरचा न्याय पाहा. गर्दीच्या वेळचा जीबी आणि मध्यरात्रीचा जीबी त्याच्या लेखी एकाच भावाचे. जिने कोणालाही त्रास दिला नाही तिच्याकडून पूर्ण वसुली, आणि ज्याने सर्वांची वाट अडवली त्यालाही तोच दर. विजेच्या बाबतीत महावितरणचे नवे मीटर निदान दिवसाच्या कोणत्या वेळी वापर झाला एवढे तरी पाहतात. (हे मीटर घरातील माणसे केव्हा उठतात, केव्हा झोपतात हेही कळवीत असतात. त्याविषयी आपण पुरेसे बोललेलो नाही. २०२४ च्या जूनमध्ये सर्वसामान्य ग्राहकांसाठी प्रीपेड मीटरचा बेत सरकारला लोकांच्या रेट्यामुळे मागे घ्यावा लागला, एवढ्यावर आपण समाधान मानले.)

आणखी एक गोष्ट. ज्या कंपनीकडून आम्ही जोडणी घेतली आहे, ती आमच्याकडून जीबीमागे पैसे घेत नाही. महिन्याला एक रक्कम घेते. म्हणजे भांडवलदार कंपनीनेही जो हिशेब आमच्याशी केला नाही, तो आम्ही शेजारी एकमेकांशी करायला निघालो आहोत!

मोजमापालाच माझा विरोध आहे असा समज होऊ नये. आपल्या चळवळीने या बाबतीत एक चूक केली आहे आणि ती मान्य करणे बरे. महाराष्ट्रात शेतीपंपांना अश्वशक्तीवर ठोक दराने वीज देण्याची पद्धत १९७० च्या दशकात आली. शेतकऱ्याला दिलासा म्हणून आपण तिचे समर्थन केले. परंतु मीटरच नसल्यामुळे पंपांनी खरोखर किती वीज ओढली हे कोणालाच सांगता येईना. मग वीजमंडळाची गळती, चोरी आणि बड्यांना दिलेली सूट, हे सारे शेतकऱ्याच्या नावावर खपविले जाते, असा आरोप दशकानुदशके होत राहिला आणि तो निराधार नव्हता. ज्याचा हिशेब नाही त्याच्या आडोशाला नेहमी बलवान लपतो. म्हणून मी म्हणतो, मोजा, जरूर मोजा. संपूर्ण इमारतीने महिन्यात किती वापर केला, कोणत्या तासाला तार तुंबली, कंपनीने कबूल केलेला वेग खरोखर दिला की नाही, हे मोजा आणि फलकावर लावा. तो हिशेब कंपनीशी भांडताना उपयोगी पडेल. फलकावर लागलेला तक्ता मात्र व्यवस्थेचा हिशेब नव्हता. तो माणसांचा हिशेब होता.

आता हे ओझे कोणावर पडते ते पाहू. आकडे समजुतीसाठी घेतो. समजा, जोडणीचे महिन्याचे बिल ३,६०० रुपये आहे. समान वर्गणीने चोवीस घरांना प्रत्येकी १५० रुपये पडतात. समजा, सर्वांचा मिळून वापर ६,००० जीबी आहे. म्हणजे जीबीला ६० पैसे. ज्या घरात तीन शिकणारी मुले आहेत, मुलगा घरून काम करतो आणि कोणाच्याही मोबाईलवर मोठे पॅक नाही, त्या घराने ५०० जीबी वापरले. त्याचे बिल ३०० रुपये. ज्या घरात चार माणसांचे चार महागडे पॅक आहेत आणि दूरचित्रवाणीला वेगळी जोडणी आहे, ते घर सामाईक तारेवर ४० जीबी वापरते. त्याचे बिल २४ रुपये. सामाईक वस्तूचा जास्तीत जास्त वापर तोच करतो ज्याच्यापाशी दुसरे काही नसते. सार्वजनिक नळावर सर्वांत जास्त हंडे कोणाचे असतात? ज्याच्या घरात नळ नाही त्याचे. ‘ज्याचा वापर त्याने भरावे’ हा नियम अशा ठिकाणी लावणे म्हणजे ज्याच्या घरी काही नाही त्याच्याकडून ज्याच्या घरी सर्व आहे त्याला सूट मिळवून देणे होय. आमच्या दोन वृद्धांचा प्रश्न खरा आहे, पण त्याला मीटरचे उत्तर नको. त्यांच्यासाठी अर्ध्या वर्गणीचा ठराव पाच मिनिटांत होईल. परवडत नाही त्याला सवलत देणे वेगळे. सर्वांवर मुनीम बसविणे वेगळे.

आणि या आंबिवलीत ‘परवडणे’ म्हणजे काय, हे नव्याने सांगायला नको. मोहोन्याचा एनआरसी कारखाना २००९ मध्ये बंद पडला. आपल्या हक्काच्या देण्यांसाठी हजारो कामगारांना वर्षानुवर्षे झगडावे लागले. त्यांची मुले आज कल्याण, ठाणे, मुंबईकडे जाणाऱ्या कसारा लोकलमध्ये लटकतात किंवा घरपोच सामान पोहोचविण्याचे काम करतात. अशा घरात इंटरनेट ही चैन राहिलेली नाही, आणि हे सरकारनेच घडविले आहे. भविष्यनिर्वाह निधीचा दावा इंटरनेटवर, मुलाचा अकरावीचा प्रवेश इंटरनेटवर, शिष्यवृत्तीचा अर्ज इंटरनेटवर. २०२५ मध्ये लाडकी बहीण योजनेच्या लाभार्थी स्त्रियांना ई-केवायसी सक्तीची झाली, तेव्हा संकेतस्थळ कोलमडल्यामुळे रात्री-अपरात्री मोबाईल घेऊन बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. सरकारने कचेरीची खिडकी बंद करून ती इंटरनेटवर उघडली. आता त्या खिडकीपर्यंत जाण्याच्या रस्त्यावर पावलागणिक जकात द्यायची काय?

या देशात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळू लागले ते १५ ऑगस्ट १९९५ पासून. विदेश संचार निगम ही सरकारी कंपनी तासांच्या हिशेबाने जोडणी विकत असे, आणि त्यावर टेलिफोनचे बिल वेगळे चढे. त्या काळी तासावर आकारणी करण्याला काही अर्थ होता. टेलिफोनची तार एका वेळी एकाच्याच कामी येई. पुढे प्रकाशतंतूंच्या तारा आल्या, क्षमता अनेक पटींनी वाढली, परंतु मीटर गेला नाही. तो तासावरून जीबीवर आला. ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ बाजारात उतरली आणि फुकटाच्या महापुरात लहान कंपन्या वाहून गेल्या. मैदान दोन-तीन बड्यांच्या हाती आले, आणि जुलै २०२४ मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी आगेमागे एक-दोन दिवसांत दर वाढविले. जिओचे २८ दिवसांचे, रोज दीड जीबीचे पॅक २३९ रुपयांवरून २९९ वर गेले. मक्तेदारीची ही वाट आपण साखरेत, सिमेंटमध्ये, औषधांत पाहिलेली आहे. तिच्यावर अधिक लिहीत नाही.

मला लक्ष वेधायचे आहे ते ‘रोज दीड जीबी’ या शब्दांकडे. रात्रीचे बारा वाजले की उरलेला डेटा बुडतो. जो माणूस दिवसभर राबला आणि ज्याने अर्धाच जीबी वापरला, त्याचा एक जीबी कंपनीच्या खिशात परत जातो. डेटा खरोखरच दुर्मीळ असता आणि काटकसर हा मीटरचा हेतू असता, तर काटकसर करणाऱ्याची शिल्लक पुढल्या दिवशी त्याच्या खात्यावर दिसली असती. ती बुडते, याचा अर्थ मीटर तुटवडा सांभाळण्यासाठी बसविलेला नाही. वसुलीसाठी बसविला आहे. बाजारातील हाच मीटर आमच्या तरुण मित्राने, तो नैसर्गिक नियम आहे असे समजून, आमच्या जिन्यात आणून टांगला.

आता दुसऱ्या प्रस्तावाकडे वळतो, कारण तो पहिल्याच्याच पोटातून जन्मला आहे. मोजायचे म्हणजे पाहावे लागते. एकदा पाहणारी पेटी बसली की ‘किती’ या प्रश्नावर ती थांबत नाही. पुढचा प्रश्न ‘केव्हा’ हा येतो आणि तो आमच्या तक्त्यात आलाच. त्यापुढचा ‘काय’. कंपन्यांचा इतिहास याहून वेगळा नाही. डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने इंटरनेटवरून बोलण्यासाठी वेगळा दर लावण्याचे जाहीर केले. लोक खवळले आणि काही दिवसांतच तो बेत मागे घ्यावा लागला. पण वेगळा दर लावायचा तर ग्राहक तारेवरून बोलतो आहे की वाचतो आहे, हे आधी कळायला हवे. म्हणजे दराच्या आधी पाळत आलीच. २०१५ च्या जूनमध्ये बंगळूरच्या एका प्रोग्रॅमरच्या लक्षात आले की, त्याच कंपनीच्या जाळ्यावरून उघडलेल्या पानांमध्ये कोणीतरी परस्पर परकी आज्ञावली घुसवीत आहे. कंपनीने काय खुलासा करावा? ग्राहकांना आपला डेटा-वापर कळावा म्हणून केलेली ती व्यवस्था आहे! आमच्या पेटीचे समर्थन अगदी याच शब्दांत झाले आहे.

त्याच वर्षी फेसबुकने रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साहाय्याने महाराष्ट्रासह काही राज्यांत गरिबांसाठी ‘फुकट’ इंटरनेट आणले. फुकट होती ती त्यांनी निवडलेली मोजकी संकेतस्थळे, बाकीच्यांना पैसे. लाखो नागरिकांनी दूरसंचार नियामक प्राधिकरणाला पत्रे लिहिली आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी प्राधिकरणाने मजकुरानुसार वेगवेगळे दर लावण्यास मनाई केली. मोठ्या भांडवलाला सामान्य माणसांनी रोखल्याच्या अलीकडच्या काळातील मोजक्या प्रसंगांपैकी हा एक आहे. कार्यकर्त्यांच्या शिबिरांत तो शिकविला जायला हवा होता. आपण तो शिकविला नाही. तो ‘संगणकवाल्यांचा’ विषय मानला.

‘पण सुरक्षेचे काय?’ असा प्रश्न आमच्या सभेत विचारला जाईल आणि तो टाळता येणार नाही, कारण त्याचा उगम आपल्याच भागातला आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट झाले. त्यांची जबाबदारी घेणारे पत्र स्फोटांच्या काही मिनिटे आधी सानपाड्यातील एका घराच्या उघड्या वाय-फायवरून पाठविले गेले होते. त्या घरात राहणाऱ्या परदेशी गृहस्थाचा स्फोटांशी संबंध आढळला नाही. त्यानंतर माटुंग्यातील एका महाविद्यालयाचे आणि चेंबूरमधील एका कंपनीचे जाळे अशाच रीतीने वापरले गेले. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने वाय-फाय उघडे ठेवण्यावर निर्बंध घातले आणि वापरणाऱ्याची ओळख पटविणे बंधनकारक केले. जोडणीला कुलूप असावे, हे मला मान्य आहे. आमच्या जोडणीला ते पहिल्या दिवसापासून आहे. पण कुलूप लावणे निराळे आणि घरातल्या माणसांच्या हालचाली वहीत लिहिणे निराळे.

या वहीने काय साधले तेही पाहावे. एप्रिल २०११ मध्ये सायबर कॅफेंसाठी नियम झाले. गिऱ्हाइकाचे ओळखपत्र घ्यायचे, नोंदवही आणि उघडलेल्या संकेतस्थळांची नोंद वर्षभर जपायची, दर महिन्याला अहवाल द्यायचा, आडोसा साडेचार फुटांपेक्षा उंच नको. मोबाईल स्वस्त झाल्याने कॅफे बसले, हे खरेच. पण या वहीच्या ओझ्याने त्यांच्या मोडक्या पाठीवर शेवटची काडी ठेवली. ज्याच्यापाशी वकील आणि संगणकाची कोठारे आहेत, त्या कंपनीला नोंदी ठेवणे जड नसते. २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाने नोंदी १८० दिवस जपण्याचा दंडक आला, तेव्हाही बड्यांचे काही बिघडले नाही. ते ओझे जाणवले लहानांना. पाळतीचा प्रत्येक नवा नियम असा मक्तेदारीच्या पथ्यावर पडतो. सुरक्षेच्या नावाने सामाईक आणि लहान ते मोडत जाते, आणि शेवटी नागरिकासमोर दोन-तीन कंपन्यांची दारे तेवढी उरतात. तेथे पाळत, मीटर आणि मालक एकाच छपराखाली नांदतात.

आमच्यासारख्या व्यवस्थेला कायद्याची वाट अगदीच नाही असे नाही. एका घरच्या जोडणीतून दुसऱ्यांना पैसे घेऊन इंटरनेट पुरविता येत नाही, आणि आमची २०२० ची व्यवस्था त्या दृष्टीने काटेकोर नव्हती हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. परंतु डिसेंबर २०२० मध्ये केंद्र सरकारने पीएम-वाणी योजना मंजूर केली. तिच्यात चहाची टपरी, किराणा दुकान किंवा आमच्यासारखी संस्था विनापरवाना सार्वजनिक वाय-फाय चालवू शकते. वापरणाऱ्याची ओळख पटविण्याचे काम नोंदणीकृत ॲपवाल्याकडे असते. म्हणजे शेजाऱ्याने शेजाऱ्याची वही ठेवण्याची गरज तेथे उरत नाही. २०१८ च्या धोरणाने देशात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक वाय-फाय केंद्रांचे स्वप्न दाखविले होते. २०२४ च्या अखेरीस पीएम-वाणीची केंद्रे अडीच लाखांच्या आसपास होती. टपरीवाल्याने घरगुती दराची जोडणी मागितली की, ‘हा धंदा आहे, महागडी लीज्ड लाईन घ्या’ असे कंपन्या सांगत, हे त्याचे एक मोठे कारण. अखेर जून २०२५ मध्ये नियामक प्राधिकरणाने आदेश काढला की, २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी अशा केंद्राकडून घरगुती दराच्या दुपटीपेक्षा जास्त घेता येणार नाही. दुप्पट तरी का, हा प्रश्न उरतोच. तरी दार किलकिले झाले आहे, आणि आपले कार्यकर्ते त्या दारातून आत शिरलेले मला अजून दिसलेले नाहीत.

पैसा नाही ही सबबही चालणार नाही. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या पाच टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी घेतली जाते. २०२३ च्या कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी झाले. हा पैसा शेवटी तुमच्या-आमच्या बिलातूनच जातो आणि त्यातला मोठा भाग वर्षानुवर्षे खर्चाविना पडून राहिला. केरळने ५ जून २०२३ रोजी के-फोन या सरकारी जाळ्याचे उद्घाटन केले आणि वीस लाख गरीब कुटुंबांना फुकट जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते गाठायला वेळ लागेल, त्यात चुकाही होतील. परंतु इंटरनेट ही पाण्या-रस्त्यासारखी सार्वजनिक गरज आहे, हे तत्त्व एका राज्याने कबूल केले. दूर कशाला, २०१४ पर्यंत आपल्याच जिल्ह्यात असलेल्या पालघरच्या खेड्यांत मुंबईच्या आयआयटीने दूरचित्रवाणीच्या रिकाम्या लहरींवरून इंटरनेट नेण्याचा प्रयोग केला. आपल्या रेल्वेस्थानकांवर मात्र उलटी गंगा वाहिली. २०१६ मध्ये फुकट म्हणून गाजावाजा झालेल्या वाय-फायवर मार्च २०२१ पासून दिवसाला तीस मिनिटांची मर्यादा आली. पुढे दहा रुपयांपासून पॅक घ्यायचे.

मला या सगळ्यात सारखे आठवते ते कल्याणचे सार्वजनिक वाचनालय. १८६४ सालची ही संस्था. विद्यार्थी असताना मी तेथे दिवसचे दिवस बसलो. वर्तमानपत्रे वाचायला बसलेल्या माणसाने किती पाने उलटली, हे कोणी मोजले नाही. जास्त वाचणाऱ्याला जास्त वर्गणी, असा ठराव करणारा ग्रंथपाल लोकांनी वेड्यात काढला असता. घरी नेलेल्या पुस्तकाची नोंद होई, कारण पुस्तक एकच असे आणि दुसरा वाचक वाट पाहत असे. पुस्तक परत आले की नोंदीवर रेघ मारली जाई. कोण काय वाचतो याची यादी दारावर लावण्याचे कोणाच्या स्वप्नातही आले नाही. त्या रेघ मारलेल्या नोंदीत जे शहाणपण होते, ते आमच्या पेटीत नाही. ती काहीच विसरत नाही.

कायदाही आता नागरिकाच्या बाजूने बोलू लागला आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचे एकमताने सांगितले. केरळच्या एका विद्यार्थिनीला, संध्याकाळच्या ठराविक वेळात मोबाईल वापरू नये हा नियम न पाळल्याबद्दल, वसतिगृहातून काढले होते. सप्टेंबर २०१९ मध्ये उच्च न्यायालयाने तिला परत घेण्याचा आदेश दिला आणि इंटरनेट मिळणे हा शिक्षणाच्या व खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. आमच्या इमारतीतल्या मुलीला कोणी काढले नाही. तिच्या नावापुढे फक्त वेळ लिहिली. तेवढे पुरले.

सभेपुढे मी जी उपसूचना ठेवणार आहे, ती इतर संस्थांतील मित्रांना उपयोगी पडेल म्हणून येथे देतो. खर्च सर्व बिऱ्हाडांत समान वाटावा. ज्यांना जड जाईल त्यांना कार्यकारिणीने न गवगवा करता निम्मी वर्गणी लावावी. गर्दीच्या वेळात राऊटरने त्या क्षणी जोडलेल्या सर्व घरांना समान वेग वाटावा. ही सोय बऱ्याच राऊटरांत असते आणि तिला कोण काय पाहतो हे कळण्याची गरज नसते. जो सामन्याच्या वेळी चार पडदे चालवील, त्याचे चारही पडदे मंदावतील, शिक्षा एवढीच. फलकावर संपूर्ण इमारतीचा तासवार आलेख लावावा, घरांचा नाही. घरवार मोजणी बंद करावी, आजवर साठलेली पुसून टाकावी आणि ती पुसली गेल्याची खात्री दोन सभासदांनी करून घ्यावी. त्यांपैकी एक स्त्री असावी. संकेतस्थळांची नोंद संस्थेने ठेवू नये. पोलिसांनी कायद्याने काही मागितले तर ते कंपनीकडे आणि ॲपवाल्याकडे मागतील. पीएम-वाणीत नोंदणीसाठी तीन महिन्यांची मुदत ठरवावी. आणि कल्याण-डोंबिवली महापालिकेकडे आंबिवली-मोहोने भागात अभ्यासिका व विनामूल्य वाय-फाय यांची मागणी करणारे निवेदन संस्थेच्या शिक्क्यानिशी पाठवावे.

उपसूचना लिहून मी सचिवांकडे दिली आहे. त्या मुलीच्या आईला मी सभेला येण्याची विनंती केली. ‘सर, तक्ता खाली उतरवला तर येईन,’ एवढेच त्या म्हणाल्या. हे लिहीत असताना तो फलकावरच आहे. सभा येत्या रविवारी सकाळी दहा वाजता, गच्चीवर आहे.